मासे धरणाऱ्यांची वही आणि आपली शेतवही

आज शेतातलं नाही, पाण्यातलं लिहितोय. पण शेवटी फिरून बांधावरच यायचंय, म्हणून वाचा.

माझं रान उजनीच्या फुगवट्याला लागून आहे. रानाच्या खालच्या अंगाला आमचे तात्या होडी लावतात. तात्या म्हणजे माझे कोणी नातेवाईक नव्हेत, पण लहानपणापासून सगळी वस्ती त्यांना तात्याच म्हणते. धरण भरल्यापासून मासे धरतात. मागच्या महिन्यात मोटर बघायला खाली गेलो, तर बापलेकांची जुंपलेली.

तात्या म्हणत होते, "मासा लई कमी झालाय." पोरगं म्हणत होतं, "कुठं कमी झालाय? काल पंधरा किलो आणला की."

मी तात्यांना विचारलं, "तात्या, आधी किती मिळायचा?"

"ह्येच की, पंधरा-ईस किलो."

"मग तेवढाच मिळतोय की आता."

तात्या चिडले. "आरं भाऊ, तवा चार जाळी टाकायचो. ह्यो चाळीस टाकतुया. आन् तवा कतला, रोहू, मरळ, वांब, समदं असायचं. आता बघावं तर चिलापीच."

पोरगं म्हणालं, "तात्यांचं असंच असतं. पहिलं ते सगळंच चांगलं."

आता ह्यात खरं कोणाचं? मला वाटतं तात्यांचं. पण त्यांच्याकडं दाखवायला काय आहे? काहीच नाही. चाळीस वर्षं रोज पाण्यात गेलेला माणूस, आणि एका ओळीची नोंद नाही. पोरानं खोटं ठरवलं की संपलं.

त्यावरून मला वाचलेली एक हकिगत आठवली, तीच आज सांगतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या कोळ्यांची गोष्ट आहे, अमेरिकेतल्या.

अनुदानासाठी लिहिलेली वही

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्स राज्यात बेव्हर्ली नावाचं गाव आहे. तिथली माणसं शिडाची लाकडी जहाजं घेऊन कॉड मासा धरायला जायची. कॉड हा थंड समुद्रातला, तळाजवळ राहणारा मोठा मासा. खारवून वाळवला की महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून त्याला जगभर बाजार होता. तो धरायला ही जहाजं कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या पुढच्या उथळ समुद्रात जात. त्या भागाला स्कोशियन शेल्फ म्हणतात.

ह्या भागातल्या माशाबद्दल जुन्या कथा फार. १४९७ साली जॉन कॅबट हा दर्यावर्दी इंग्लंडहून निघून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला आणि परत आला. त्याच वर्षी एका इटालियन वकिलानं लंडनहून पत्रात कळवलं, की तिकडं म्हणे टोपलीला दगड बांधून पाण्यात सोडली तरी मासे मिळतात. ह्यात तिखटमीठ किती आणि खरं किती, हे सांगायला त्या काळचा आकडा नाही. तात्यांसारखंच झालं. नुसतं 'लई होता'.

आकडा मिळाला तो पुढं साडेतीनशे वर्षांनी, आणि कारण ऐकून तुम्हाला हसू येईल. कारण होतं सरकारी अनुदान.

अमेरिकन सरकारनं १७९२ पासून कॉड धरणाऱ्या जहाजांना थेट पैसे द्यायला सुरुवात केली. मासे खारवायला लागणाऱ्या परदेशी मिठावर जकात होती, तिची भरपाई म्हणून ही सवलत. हे अनुदान १८६६ पर्यंत चाललं. अट अशी होती, की हंगामात निदान चार महिने जहाज कॉडच्याच मागं असलं पाहिजे. मिळालेल्या पैशाचे आठ वाटे करायचे, तीन मालकाचे आणि पाच खलाशांचे. अर्थात 'आम्ही खरंच मासे धरत होतो' हे कचेरीला पटवायला कागद लागायचा. १८५० च्या दशकात ह्या जहाजांच्या रोजच्या नोंदवह्या कस्टम कचेरीत जमा होऊ लागल्या.

आपल्याला हे काही नवीन नाही. आपणसुद्धा ई-पीक पाहणी करतो ती विम्यासाठी, अनुदानासाठी. पावती जपतो ती मागितली तर दाखवायला म्हणून. पुढच्या पिढीच्या शास्त्रज्ञासाठी आपण काही लिहीत नाही. तेही लिहीत नव्हते.

वहीत काय असायचं

जहाज कुठं होतं, वारा कुठला, हवा कशी, आणि आज किती मासे मिळाले. तेही एकूण नव्हे, माणसागणिक. ह्यानं इतके, त्यानं तितके.

माणसागणिक का, तर खलाशाची कमाई त्याच्या माशावर ठरायची. प्रत्येक जण जहाजाच्या कठड्याला उभा राहून हातानं दोर सोडायचा. मासा वर आला की त्याची जीभ कापून बाजूला ठेवायची पद्धत होती. दिवस संपला की जिभा मोजायच्या, तेवढे मासे त्याच्या नावावर. ऊसतोडीला कोयत्यागणिक हिशोब असतो तसाच हा हिशोब.

आता तुम्ही म्हणाल, अनुदानासाठी लिहिलेल्या कागदावर विश्वास ठेवायचा कसा? मलाही हीच शंका आली होती, कारण आपल्याकडं कागदावर काय काय पिकतं ते आपण बघतोच. पण नीट बघा. अनुदान ठरायचं ते जहाजाच्या आकारावर आणि समुद्रात घालवलेल्या दिवसांवर. किती मासे धरले ह्यावर नाही. म्हणजे मासे वाढवून लिहिण्यात अनुदानाचा काहीच फायदा नव्हता. उलट एकाच्या नावावर जास्त मासे लिहिले तर शेजारी उभा असलेला खलाशी गप्प बसला नसता, कारण त्याच्या वाट्याला धक्का लागणार. लबाडी करायचीच तर ती दिवसांच्या आकड्यात होईल, माशांच्या आकड्यात नाही. कुठलाही जुना कागद वाचताना हा प्रश्न विचारावा. हे लिहिणाऱ्याला कुठला आकडा फुगवण्यात फायदा होता, आणि कुठल्या आकड्यात नव्हता?

आणखी एक गोष्ट. ज्या दिवशी वादळ झालं आणि गळ पाण्यात पडलाच नाही, तो दिवससुद्धा वहीत असायचा, कारण दिवस मोजून दाखवायचे होते. जिथं मासाच लागला नाही, ती जागाही असायची. आपण पडलो हौशी. भाव चांगला मिळाला की फोटो टाकतो, प्लॉट गेला की त्या वर्षीची वहीच कोरी राहते. मग मागं वळून बघितलं की सगळी वर्षं चांगलीच दिसतात.

वहीतून समुद्र कसा मोजला

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या इतिहासाच्या आणि मत्स्यविज्ञानाच्या अभ्यासकांनी मिळून ह्या वह्या वाचल्या. वह्या १८५२ पासूनच्या काही वर्षांच्या, बेव्हर्लीच्या चाळीसेक जहाजांच्या. त्यांचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला.

आता समुद्रात किती मासे होते, हे वहीवरून कसं कळणार? मी विहिरीच्या उदाहरणानं सांगतो, मला तसंच समजलं.

समजा तुमच्या विहिरीत किती पाणी आहे माहीत नाही, आणि तात्पुरतं धरू की झरा नाही. तुम्ही मोटर लावून पन्नास हजार लिटर पाणी उपसलं. मग आत बघितलं, तर पाण्याची उंची दहावा हिस्सा उतरलेली. म्हणजे सुरुवातीला पाणी असणार साधारण पाच लाख लिटर. किती काढलं आणि पातळी किती उतरली, एवढ्या दोन गोष्टी कळल्या की मूळ साठ्याचा अंदाज येतो.

समुद्रात पातळी दिसत नाही. पण एका माणसाला, एका दिवसात, तेवढ्याच दोरावर किती मासे लागतात, हीच तिथली पातळी. ताफ्यानं अमुक इतका मासा काढला आणि त्यानंतर माणशी रोजचे मासे एवढे घटले, हे वहीत असलं की गणित मांडता येतं. माशांची पैदास होते, मासे फिरतात, मरतात, म्हणजे झराही आहे आणि गळतीही आहे. ती धरून अभ्यासकांनी हिशोब केला.

उत्तर आलं, १८५२ साली स्कोशियन शेल्फवर कॉडचा साठा साधारण १२ लाख ६० हजार टन. अंदाजच तो, थोडा इकडंतिकडं होणार. पण अभ्यास झाला त्या सुमारास तिथं उरलेला साठा ५० हजार टनांच्या आत होता. म्हणजे शंभरातले चार.

अगदी हाताच्या गळानं मासेमारी व्हायची तेव्हासुद्धा माणशी मिळणारे मासे कमी होत चालले होते, हेही वह्यांतून दिसतं. शिवाय त्याच काळात फ्रेंच जहाजं लांबच लांब दोराला शेकड्यांनी, हजारांनी गळ बांधून तळाशी सोडू लागली होती. बेव्हर्लीची माणसं आधी त्याला नावं ठेवायची. पुढं मासा कमी लागतो म्हणून अमेरिकन कोळ्यांनीही तीच पद्धत उचलली. गळ वाढले, मासा पुन्हा भरपूर येऊ लागला, आणि मासा कमी झालाय हे लोक विसरले.

तात्यांच्या पोराची चाळीस जाळी आठवली का?

वही असूनही फसलेली माणसं

वही ठेवली की सगळं भागलं, असं वाटत असेल तर पुढचं ऐका.

त्याच समुद्रात थोडं वर न्यूफाउंडलंडचा किनारा आहे. तिथंही कॉड. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्स्ले ह्या नामांकित शास्त्रज्ञानं जाहीर सांगितलं होतं, की कॉडसारखी मोठी मासेमारी बहुधा कधी संपायची नाही. त्या काळच्या साधनांकडं बघून तो बोलला. पुढं विसाव्या शतकात आले मोठे यांत्रिक ट्रॉलर, जहाजावरच मासा साफ करून गोठवणारे. १९६८ साली ह्या एका भागातून सुमारे ८ लाख टन कॉड काढला गेला. १९७७ मध्ये कॅनडानं किनाऱ्यापासून २०० मैलांपर्यंत आपला हक्क लावला, परदेशी जहाजं बाहेर काढली, आणि मग स्वतःचे ट्रॉलर वाढवले.

ह्या ट्रॉलरच्या नोंदी व्यवस्थित होत्या. तासाला किती मासा, कुठं, कधी, सगळं. त्या आकड्यांवरून शास्त्रज्ञ साठ्याचा अंदाज बांधायचे, आणि आकडे चांगले दिसायचे. उलट किनाऱ्याजवळ छोट्या होडीतून मासे धरणारे ओरडत होते, की मासा येईना, आणि आला तर लहान येतोय. त्यांच्या बोलण्याला वजन मिळालं नाही. नुसतं तोंडी बोलणं, त्याला कागद कुठला?

चूक कुठं झाली? कॉड थव्यानं राहतो. साठा कमी झाला तरी उरलेला मासा एकत्र गोळा होतो. ट्रॉलरकडं मासा शोधायची यंत्रं होती, ती थेट त्या थव्यावर जायची. म्हणून तासाचा आकडा शेवटपर्यंत चांगला राहिला. वहीत 'एक तास' लिहिलं होतं, पण दहा वर्षांपूर्वीचा तास आणि आताचा तास एक नव्हता. यंत्र बदललं, जाळं बदललं, कप्तान हुशार झाला. तासाच्या रकान्यात हे दिसत नाही.

२ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारनं तिथली कॉडची मासेमारी बंद केली. सुरुवातीला दोन वर्षांसाठी म्हणून. जवळजवळ ३० हजार माणसांचं काम एका दिवसात गेलं. किनाऱ्यावरची गावंच्या गावं रिकामी होऊ लागली. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडलं. तेव्हा ठरलेली मर्यादा होती वर्षाला १८ हजार टन. कुठं ८ लाख आणि कुठं १८ हजार.

डॅनियल पॉली नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञानं १९९५ साली एक मुद्दा मांडला होता. प्रत्येक पिढी आपण कामाला लागलो तेव्हा जे होतं, तेच मूळचं समजते. बापाच्या वेळचं मूळ वेगळं, लेकाच्या वेळचं वेगळं. दर पिढीला थोडंसंच कमी झाल्यासारखं वाटतं, आणि सगळं मिळून किती गेलं ते कोणालाच दिसत नाही. तात्या आणि त्यांचं पोरगं, दोघंही आपापल्या जागी खरंच बोलत होते.

आता आपल्या बांधावर

हे वाचल्यावर मी घरातली पेटी काढली. त्यात वडिलांची एक लांबडी वही आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची. वडील काही हौसेनं लिहीत नव्हते. सोसायटीचं कर्ज असायचं, खत उधारीवर यायचं, सचिवाशी हिशोबाची भानगड नको म्हणून लिहायचे. म्हणजे बेव्हर्लीसारखंच, पैशासाठी.

त्यात १९९१ च्या उसाचं पान आहे. वरच्या तुकड्यात एकरी सहा पोती खत, बारा गाड्या शेणखत. कारखान्याच्या काट्याचा हिशोब केला तर एकरी ४२ टन.

त्याच तुकड्याला मागच्या वर्षी मी ४४ टन काढला. आणि मला त्याचा अभिमान होता बरं का. ह्याच पानावर फोटो टाकला होता, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी अभिनंदन केलं होतं. पण खताच्या पावत्या जोडून बघितल्या, तर एकरी तेरा पोती. शेणखत दोन ट्रॉली, तेही एकाच वर्षी. ठिबकमधून सोडलेलं वेगळं. बियाणं नवीन जातीचं.

वडिलांनी चार जाळी टाकली होती. मी चाळीस टाकतोय. मासा मात्र तेवढाच.

नुसता उतारा लिहीत बसलो असतो तर मला कधीच कळलं नसतं. टनाचा आकडा माझ्या बाजूनं बोलत होता, जसा ट्रॉलरचा आकडा बोलत होता तसाच. रान थकलंय हे पोत्यांच्या रकान्यात लिहिलेलं होतं, आणि तो रकाना वडिलांनी भरला होता, मी नाही. माझ्या मधल्या पंधरा वर्षांच्या नोंदीच नाहीत. त्यामुळं घसरण नक्की कधी सुरू झाली, शेणखत थांबवलं तेव्हा की पाणी वाढवलं तेव्हा, हे मला आता सांगता येत नाही. ते कायमचं गेलं. माती परीक्षण आज करता येईल, १९९८ चं आज करता येणार नाही.

म्हणून ह्या हंगामापासून मी वहीचे रकाने बदललेत. तुमच्या उपयोगी पडतील म्हणून देतो.

१. काय काढलं: टन, क्विंटल, क्रेट, जे असेल ते. काट्याच्या पावतीवरचं, अंदाजाचं नाही.

२. काय घातलं: पोती, फवारण्या, मजूर, मोटरचे तास. हा रकाना पहिल्याइतकाच महत्त्वाचा.

३. काय बदललं: जात बदलली, ठिबक केलं, मोटरचा हॉर्सपॉवर वाढवला, पाइपलाइन पुढं नेली. बदललं त्याच दिवशी तारीख टाकून लिहायचं. न्यूफाउंडलंडला हाच रकाना नव्हता.

४. काय दिसलं: विहिरीची पातळी दर महिन्याच्या एकाच तारखेला, गांडुळं, पाऊस. आकड्यात बसेल तेवढं आकड्यात.

५. काय गेलं: रिकामा दिवस, फुकट गेलेली फवारणी, जळालेला प्लॉट. लाज वाटते म्हणून गाळायचं नाही.

आणि तुकड्यागणिक लिहा. सगळ्या रानाचा एकच आकडा काढला तर चांगला तुकडा वाईटाला झाकतो. खलाशांनी माणसागणिक लिहिलं म्हणूनच आज समुद्र मोजता आला.

कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले बरेच जण हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. पीक कापणी प्रयोगात उतारा मोजता, तसं त्याच शेतकऱ्याला त्यासाठी काय घातलं हेही विचारा. आणि एखादा म्हातारा 'पहिल्यासारखं राहिलं नाही' म्हणाला, तर हसू नका. त्याच्या घरी जुनी वही आहे का, एवढं विचारा. नसेल तर तो सांगेल ते तुम्ही तारीख घालून लिहून घ्या.

परवा तात्यांना एक दोनशे पानी वही नेऊन दिली. तात्यांना अक्षरओळख कमी, म्हणून पोराला म्हणलं, "लिहायचं तू, सांगायचं तात्यांनी." पोरगं कंटाळलं, पण पहिल्या पानावर लिहिलंय. तारीख, जाळी चाळीस, चिलापी १३ किलो, कतला एक, मरळ नाही, वांब नाही.

तात्या म्हणाले, "न्हाय त्ये कशाला लिवायचं?"

मी म्हणलं, "तात्या, तेच तर लिहायचंय."

मंडळी, तुमच्या घरात कुणाची जुनी वही असेल, सोसायटीची, उधारीची, दुधाची, कशाचीही, तर रद्दीत घालू नका. तिच्यातलं एक पान खाली कमेंटमध्ये टाका. साल, पीक, काय घातलं, काय निघालं. आपण मिळून बघू.